वरच्या कप्प्यातलं पाकीट

शिकारीची बॅग भरायची म्हणजे माझा मुलगा हॉलमध्ये माझी चटई अंथरायचा आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा मागायचा. मी त्याच्यावर करंज्यांचा रवा तोलते. सिंगापुरातल्या सेरंगूनच्या आमच्या फ्लॅटमध्ये मग दोन दिवस पाय ठेवायला जागा नसे.

तो तांजोंग पगार भागातल्या एका बँकेत आहे. ऑफिसातल्या एका मित्राच्या नादाने त्याला हे लागलं. वर्षातून एकदा दोघं किर्गिझस्तानला जातात, उंच डोंगरातले मोठ्या शिंगांचे रानबोकड मारायला. परवाना, बंदूक, घोडे, वाटाड्या तिथे मिळतात. बाकीचं इथून न्यायचं, आणि घोडा थांबला की पुढे आपल्याच पाठीवर.

बूट तर तो तीन महिने आधी आणायचा. ते पायाला बसावेत म्हणून बॅगेत तांदळाची पिशवी टाकून आमच्या इमारतीचे चौदा मजले चढायचा. मांस भरायच्या पातळ कापडी पिशव्या मात्र मला आवडल्या. हवा लागते, माशी बसत नाही. एकदा मी त्याच्या वडिलांचे सुती गंजीफ्रॉक आणून दिले.

"आई, कापूस नको. घामाने भिजला की वाळत नाही, अंगावरच गार पडतो. लोकर पाहिजे."

ते मला पटलं. माझ्या माहेरी डुकराच्या शिकारीला माणसं घोंगडी घेऊनच जात. पण तसं मी बोलले नाही. मी चौथीपर्यंत शिकले, आणि या घरात सगळे इंग्रजीत भांडतात. मी आपली काटा पुसून देते.

गेल्या वर्षी चटईवर सगळं मांडलेलं बघून सून म्हणाली, "माझ्या रुखवतात एवढं नव्हतं."

"तुझं रुखवत घेऊन डोंगर चढायचा नव्हता," तो म्हणाला.

मी डिंकाचे लाडू केले होते. आदल्या वर्षी तो गालफडं बसलेला परत आला होता. गरम पाणी ओतून खायचं ते सुकं जेवण भुशासारखं लागतं म्हणाला होता. मी डबा पुढे केला, तसा त्याने एक लाडू काट्यावर ठेवला.

"चाळीस ग्रॅम. असे पाच म्हणजे दोनशे. आई, तिथे ग्रॅम ग्रॅम पायांना कळतो गं."

नात हसली, इथल्या इंग्रजीत म्हणाली, "आजी, कॅनॉट लाह!"

बॅग भरून झाली. बारा किलोला दहा ग्रॅम कमी. तो अंघोळीला गेला. निघण्याआधी पुन्हा वजन करणार, हे मला माहीत होतं. मी बॅगेचा वरचा कप्पा उघडला. त्यात एक नारिंगी पाकीट होतं, आत चपात्या गुंडाळायच्या कागदासारखं काहीतरी चकाकणारं. आदल्या वर्षीही ते नेलं होतं, आणि घडी न मोडता परत आलं होतं. मी ते काट्यावर ठेवलं. दोनशे दहा. मग माझ्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात पाच लाडू बांधले. दोनशे अकरा भरले. पाकीट माझ्या कपाटात गेलं, पुरचुंडी त्याच्या जागी. त्याने पुन्हा वजन केलं, समाधानाने बॅग पाठीला लावली. मला माझ्या हुशारीचं हसू येत होतं.

पुढचं मला सून फोनवर बोलत होती त्यातून कळलं. बोकड मिळाला होता. वाटाड्या घोडे आणायला खाली गेला आणि मागे बर्फ पडलं, वाट बंद झाली. तंबू, झोपायची पिशवी सगळं खालीच. अशा वेळी अंगावर ओढून आत शिरायची एक चकाकणारी पिशवी असते, प्रत्येकाजवळ आपापली. मित्राजवळ त्याची होती. हा आपली विसरला होता. दोघांनी एकीतच शिरायचा प्रयत्न केला, ती फाटली. वाटाड्या दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला. मित्राचं नुसतं बोटांवर निभावलं, कातडी गेली. माझ्या मुलाची डाव्या पायाची दोन बोटं कापावी लागली.

"इतकी यादी करणारा माणूस," सून रडत म्हणत होती, "नेमकं तेच कसं विसरला?"

मी ओट्याशी उभी होते.

तो कुबडीवर घरी आला. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा, "माझीच चूक. यादीत खूण केली आणि ठेवायचं राहिलं." मी चहा द्यायचे आणि आत जायचे. रोज ठरवायचे, आज सांगेन. वाटायचं, त्याला माहीतच नाही तर कशाला. बर्फात बॅग उघडायचं भान तरी त्याला राहिलं असेल का. असं आपलं मनाला सांगायचं.

मग एकदा मी कपाट उघडलं. माझ्या साड्यांवर लुगड्याचा तो तुकडा होता, धुतलेला, घडी घातलेला. त्याच्याच खालच्या साडीच्या घडीत मी ते नारिंगी पाकीट लपवलं होतं. ते तिथे नव्हतं.

त्या संध्याकाळी मी त्याला पानात भाजी वाढली. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

"बास, आई," एवढंच म्हणाला.

या वर्षी तो पुन्हा निघालाय. डाव्या पायासाठी वेगळा बूट करून घेतलाय. ईस्ट कोस्टला समुद्राकाठी चालून तो पायाला बसवत होता, लंगडत. मी चटई झटकून ठेवली, काटा पुसून ठेवला. परवा सुनेला विचारलं, बॅग कधी भरणार?

"भरली की, आई. ऑफिसातच भरली. तिथूनच परस्पर एअरपोर्टला जाणार म्हणाला."

काटा अजून ओट्यावरच आहे.