खवले मोजणारे डॉक्टर

मुलांनो, माशाचे खवले मोजल्याशिवाय घास न घेणारा माणूस जगात एकच झाला, आणि तो आमचा भाडेकरू होता. तुमचे आजोबा तेव्हा गोंडपिपरीला जंगल खात्यात होते. मागच्या खोलीत हे डॉक्टर राहत. प्राणिशास्त्रातली डॉक्टरेट, उंच बारीक अंगकाठी आणि तळ्यात उतरून उतरून कायम गुडघ्यापर्यंत ओले. माझ्या सारवलेल्या ओट्यावर त्यांची पावलं उमटत आणि मी रोज कुरकुरत असे. खाणावळीत पानात मासा आला की खिशातून भिंग निघे. मोजणी संपेपर्यंत भात गार. लोणच्याच्या बरण्या मी चिठ्ठ्या लावून ओळीत ठेवी. त्या ओळीत एकदा डॉक्टरांनी आपलीही माशांची बरणी शिस्तीत नेऊन ठेवली. आजोबांच्या चमच्यात शेपूट आली! पुढे वर्षभर आजोबांनी लोणच्याचं नाव काढलं नाही.

डॉक्टर म्हणून लोक ताप घेऊन येत. "मी माशांचा डॉक्टर," असं ते बिचारे समजावत. त्यांना तळ्यातले मासे आणून देणारी सायत्राबाई म्हणे, "मच्छीले ताप येते का, भाऊ? मंग माह्या बकरीलेच पाहून द्या ना!" त्यांनी बकरीही पाहिली.

तुम्ही ज्याला पोस्टडॉक म्हणता, तशी एक संशोधनवृत्ती विद्यापीठाने जाहीर केली. डॉक्टरेटला पाच वर्षं व्हायच्या आत अर्ज करायचा, आणि डॉक्टरांचं हे पाचवं वर्ष. ही संधी हुकली तर वडिलांच्या लाकडाच्या वखारीत बसायचं, असं घरी ठरलेलं. अर्ज त्यांनी बसच्या तिकिटांच्या पाठीवर लिहिला होता, म्हणून मी तो टाइप करून दिला. सोबत तळ्यातला, गळ्याशी काळा पट्टा असलेला एक मासा अख्खा पाठवायचा होता. तसा मासा त्यांना कुठल्याच पुस्तकात सापडला नव्हता.

महिनाभर तो काही गावेना. शेवटी, अर्ज न्यायच्या आदल्या दुपारी सायत्राबाई पळसाच्या पानात तो घेऊन आली. डॉक्टरांनी पान उलगडलं. खवले काढलेले, तुकडे केलेले, वर हळद-मीठ चोळलेलं!

"हे काय केलं, बाई?"

"काऊन? तुमची गोष्ट अलग हाय. हे तं मोठ्या सायबाकडं जाऊन राह्यली. त्याले कच्ची कशी धाडू? आमची काही इज्जत हाय का नाई?"

डॉक्टर पायरीवर बसले. रागावले नाहीत. मला म्हणाले, "वहिनी, वखारीत ओंडक्यावरची वर्तुळं मोजता येतील."

ते ऐकून सायत्राबाई तडक निघून गेली. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तिचं अख्खं घर जाळी घेऊन तळ्यात उतरलं. चांद्याची, म्हणजे आताच्या चंद्रपूरची, बस सुटायच्या बेतात असताना ती मडकं घेऊन धावत आली. आत तीन मासे, जिवंत, गळ्याशी काळा पट्टा.

"घ्या! खवल्याले हात नाई लावला. मोजून घ्या!"

आणि त्यांनी खरंच मोजले. ड्रायव्हरने बस थांबवून धरली.

पुढे निवड झाल्याची तार आली, तेव्हा त्याच पायरीवर बसून मी ती दोनदा वाचली. इतकं हलकं मला माझ्या बी.ए.च्या निकालालाही वाटलं नव्हतं. सायत्राबाई म्हणाली, "आता तरी जेवण गरम खाजा, भाऊ."

जाताना डॉक्टर खोली झाडून, सगळं पुसून गेले. ओटा कोरडा ठणठणीत झाला, मला हवा होता तसा. चार दिवस मी तो पाहिला. पाचव्या दिवशी तांब्याभर पाणी नेऊन उगीच त्यावर शिंपडून आले.