केळझरला लावलेला कौल

वर्ध्याच्या फलाटावर उतरलो तेव्हा माझ्या खिशात दोन पत्रं होती आणि दोन्हींत मला नोकरी होती. मुंबई राज्य विदर्भापर्यंत वाढल्याचा आमच्या घराण्याला झालेला हा पहिला फायदा. राजापूरहून निघताना बायको म्हणाली होती, "कुठलीही घ्या, पण एक घ्या." दोन वर्षं रिकाम्या बसलेल्या नवऱ्याला याहून सोपं काम कुणी सांगितलं नसेल.

पहिली जागा वर्ध्यातच, जिनिंगमध्ये (कापसातली सरकी काढायचा कारखाना) कारकुनाची. मॅनेजरनं राहायची खोली दाखवली. दाराशी विहीर, समोर कडुनिंब.

"सोमवारी बारापर्यंत हो म्हना."

"विचार करतो."

"इचार काय करता जी? पंखा हाय डोक्यावर!"

दुसरी जागा आष्टीच्या शाळेत. पुलगावहून आर्वीपर्यंत छोट्या रुळांची गाडी, पुढं बस, आणि बसपाशी खुद्द हेडमास्तर रेंगी (हलकी बैलगाडी) घेऊन उभे. त्यांच्या घरी पातोडीचा (बेसनाच्या वड्यांचा) रस्सा जेवलो. डोळ्यांतून धारा लागल्या. त्यांच्या आईला वाटलं, मी गहिवरलो. तिनं आणखी वाढलं.

"पोरं तुमची वाट पाहून राह्यली, मास्तर," हेडमास्तर म्हणाले. "सोमवारी बाराच्या आत तार करजा."

रविवारी वर्ध्याच्या धर्मशाळेत कागदावर दोन रकाने पाडले. इकडे विहीर लिहिली की तिकडे रस्सा आठवे. शाळा निवडली की मॅनेजरचा चेहरा पडलेला दिसे. एक घेणं म्हणजे दुसरी गमावणं, आणि दोन वर्षं काहीच न मिळालेल्या माणसाला काहीही गमवायचं नव्हतं. अशा वेळी आमच्या कोकणात माणूस ठरवत नाही. गुरव देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावतो. ज्या बाजूची आधी पडेल तो देवाचा कौल.

सोमवारी पहिल्या बसनं केळझरला गेलो. गणपतीच्या टेकडीखाली झाडाजवळ एक शेंदरी देव होता. गुरव नव्हता, म्हणून मीच झालो. उजवीकडे आष्टीची पाकळी, डावीकडे वर्ध्याची. हात जोडून बसलो. वैशाखाचं ऊन चढत गेलं. पाकळ्या हलेनात.

बकऱ्या घेऊन निघालेला एक म्हातारा थांबला. "काऊन (का) बसून राह्यले जी सकायपासून?"

मी सगळं सांगितलं. तो देवाजवळ वाकला, बोट टेकवून वास घेतला.

"अजी, हा शेंदूर तेलात कालवला हाय. याले चिकटलेलं दिवाईलोक (दिवाळीपर्यंत) पडत नाई. देव तरी काय करन?"

"मग मी काय करू?"

"दोन नोकऱ्या हायेत म्हनता ना? आमच्या गावात एक नाई कोनाले. उठा, पहिले बस पकडा!"

मी धावलो. बस मिळाली. वाटेत तिचं चाक बसलं आणि बारा मी रस्त्याकडेच्या बाभळीखाली पाहिले.

जिनिंगमध्ये पोचलो तेव्हा माझ्या टेबलापाशी एक तरुण दौत पुसत बसला होता. मॅनेजर रागावला नाही. त्यानं मला पाणी दिलं. ते पिऊन मी तारघर गाठलं. आष्टीला तार केली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: जागा भरली.

परतीच्या गाडीत मी खिडकीतून बाहेर पाहिलं नाही, त्यामुळे वाचकांना त्या मुलखाचं वर्णन देता येत नाही. एवढंच कळलं की देवाला मी प्रश्न विचारलाच नव्हता. चुकलं तर दोष घेणारा कुणीतरी हवा होता मला. तोही मिळाला नाही.

घरी पोचलो. भाड्याची खोली बायकोनं रिकामी केली होती. भांडी पोत्यात बांधलेली, ट्रंकेला दोरी आवळलेली. त्या ट्रंकेवर बसून ती हसत म्हणाली,

"सांगा, कुठलं तिकीट काढायचं?"