पहिला घोट मामाचा

कांतामामा,

तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आपले लोक अजून सांगतात, "आमचा लक्ष्मीकांत इंग्रजांच्या कंपनीत टी-टेस्टर होता." नव्हतास. मीही आता म्हातारी झाले, कुणाची भीड उरलेली नाही. होतं ते लिहून ठेवते. होतं ते थापेपेक्षा चांगलं आहे, पण आपल्या लोकांना थाप पुरते.

तू सावंतवाडीहून कोचीनला गेलास तेव्हा मिसरूडही नीट फुटलं नव्हतं. निलगिरीत चहाचे मळे असलेल्या एका विलायती कंपनीची चहा चाखायची खोली तिथे होती. लांब टेबल, पांढऱ्या कपांची रांग. पत्ती तोलून घालायची, उकळतं पाणी ओतायचं, वाळूचं घड्याळ उलटं करायचं, थोडं दूध घालायचं, हे सगळं तुझं काम. मग साहेब येणार, चमचाभर चहा फुर्रकन ओढणार, थुंकणार आणि भाव सांगणार. तो पुढच्या कपाकडे सरकला की चाकांची पिकदाणी त्याच्यामागे ढकलायची, तेही तुझंच. उमेदीची वर्षं सगळी तिथेच गेली. तेवढ्या काळात एकाही गोऱ्याने विचारलं नाही, "तुला कसा वाटला रे?" तुला तर तेवढंच हवं होतं! मग सुट्टीत घरी आलास की साहेबाची वाक्यं आपली म्हणून ऐकवायचास, आणि आम्ही पोरं आ वासून ऐकायचो.

कंपनीने मळे विकले, तुझी नोकरी गेली. शहात्तर साली मी कुवेतला इस्पितळाच्या लॅबमध्ये होते. रक्त तपासायला आलेले यूसुफ नावाचे गृहस्थ चहाचे व्यापारी निघाले. सुई टोचता टोचता मी म्हटलं, "माझा मामा इंग्रज कंपनीत चहा चाखायचा." त्यांनी व्हिसा पाठवला.

तू शिंप्याकडून पांढरा कोट शिवून घेऊन आलास. सूकमधल्या, म्हणजे तिथल्या जुन्या बाजारातल्या, दुकानाच्या वर यूसुफचं ऑफिस होतं. शिफारस माझी, म्हणून मीही सोबत आले. कोचावर त्यांचे वडील, हाजी, जपमाळ ओढत बसले होते. तरुणपणी खजुराच्या गलबतावरून त्यांनी मुंबईच्या खेपा केलेल्या, त्यामुळे हिंदी थेट भेंडीबाजारातली.

तू कप मांडलेस. दूध मागवून घेतलंस. पहिल्या कपातला चमचा उचललास, असा काही आवाज करून ओढलास की यूसुफ दचकले, आणि पिकदाणी नव्हती म्हणून हात धुवायच्या तांब्याच्या घंगाळात थुंकलास.

हाजींची माळ थांबली.

"थूका?" ते मुलाला म्हणाले. मग तुला, "क्यों भाई? मेरी चाय में ज़हर है?"

"नहीं, हाजीसाब. कंपनी में गोरा लोग ऐसाच करता था."

"गोरा करता था. तू क्या करता था?"

मामा, एक थाप आणखी खपली असती. तिथे कोण कोचीनला जाऊन बघणार होतं? तू कोटाचं बटण चाचपत राहिलास.

"मैं कप लगाता था."

यूसुफनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर.

"चखा नहीं कभी?"

"साहब के जाने के बाद. जो बचता था, वो."

"वो भी थूकता था?"

"नहीं, हाजीसाब. पी जाता था."

हाजी असे हसले की त्यांना ठसकाच लागला. "तो पी ना, बाबा! बैठ के पी! और बोल, कौनसा अच्छा?"

तू बसलास. सगळे प्यालास आणि एका कपावर बोट ठेवलंस: रंगाला झकास, चवीला खणखणीत. हाजींनी तीच पत्ती किटलीत टाकून शेगडीवर ठेवायला लावली आणि नमाजाला गेले. परत आल्यावर काचेच्या छोट्या पेल्यांत ओतली. बिनदुधाची, साखर भरपूर. एवढी साखर घालूनही कडू काडेचिराईत!

"ये दूधवालों की चाय है," हाजी म्हणाले. "हमारी किटली दिनभर आग पे बैठती है."

चाखायची नोकरी तिथेच संपली. यूसुफनी वखारीतली दिली, चहाच्या पेट्या उघडण्याची. जिन्यात मी चिडले होते. तू मात्र, "शैले, बसून पी म्हणाला गं तो."

"हमाली मिळाली, मामा!"

"ती मिळाली. पण कुठला चांगला, ते विचारलंन की नाही?"

मग आठेक वर्षं वखारीमागच्या खोलीत रत्नागिरीच्या दोन सुतारांबरोबर तुझा संसार, आणि शुक्रवारी सालमियात आमच्याकडे जेवण. नवी पेटी फुटली की हाजी दोन पेले भरायला लावायचे. "पहले तू बोल." तू बोलायचास. "ग़लत," हाजी म्हणायचे. "ये तेरा लंदन बोलता है, तू नहीं." शुक्रवारी पापलेटाचे काटे काढत तू गरजायचास, "म्हाताऱ्याला जीभच नाही!" एकदा आमची लेक म्हणाली, "इट्स जस्ट टी, आजोबा." तू ताटावरून उठायचाच बाकी होतास. मला हसू यायचं, आणि बरंही वाटायचं. तुझ्याशी चहावरून भांडावं असं आजवर कुणाला वाटलं होतं?

चौऱ्याऐंशीला रक्तातल्या साखरेने तुझा पाय धरला. कायमचा गावी निघालास तेव्हा हाजी हृदयाच्या उपचारासाठी परदेशी होते. विमानतळावर तू माझ्या हातात एक पुडी कोंबलीस. तीन पेट्यांतली पत्ती तू स्वतः मिसळली होतीस.

"शेगडीवर ठेवून बघितलीय. मला तरी कडू लागत नाही. म्हातारा आला की दे. माझी आहे ते आधी सांगू नको, पिऊ दे. मग काय म्हणतो ते जसंच्या तसं कळव. गोड करून नको."

"आणि ग़लत म्हणाले तर?"

"तर ग़लत लिही."

हाजी त्या महिन्याअखेरीस आले, पेटीतून. मी तुला तसंच लिहिलं, आणि विचारलं, पुडी यूसुफना देऊ का? उलट टपाली तुझं कार्ड आलं: "नको. त्याला काय कळतंय. राहू दे."

राहू दिली.