छत्रीआडची इभ्रत

आमच्या नायगावच्या चाळीत बांधकाम खात्यातले एक कारकून राहत. मंत्र्यांच्या बंगल्यातली न्हाणीघरं संगमरवराने मढवली म्हणून पेपरांत बोंब उठली, तेव्हा संयुक्त महाराष्ट्राच्या सभेत घसा बसवून आलेली आम्ही पोरं त्यांना जिन्यात गाठायचो. ते चष्मा पुसत म्हणत, "अहो, बंगला सरकारचा. सरकारला इभ्रत नको, काय?"

चाळही सरकारचीच, त्यांच्याच खात्याची. आमच्या मजल्यावरच्या संडासाचं दार पावसाळ्यातच निखळलेलं. त्यावर त्यांचं उत्तर, "मंजुरी यायचीय, काय?"

रोज सकाळी मात्र ते एका हातात टमरेल, दुसऱ्या हातात छत्री घेऊन निघत आणि आत बसल्यावर दाराच्या जागी छत्री उघडून धरत. रांगेतून कोणीतरी ओरडे, "काका, सरकारची इभ्रत दिसतेय!"

छत्री घाईघाईने खाली सरके.