एरियल

वीज गेलेली, मोबाइलला रेंज नाही. वादळ आमच्या किनाऱ्याकडे वळलं की नाही, हे आता फक्त रेडिओ सांगू शकत होता. वळलं असेल तर अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना टेकडीवरच्या शाळेत हलवायला हवं होतं. उगाच हलवलं, तर भिजून त्यांचा दमा उसळणार.

नवरा खिडकीशी एरियल ताणून उभा होता. रेडिओवर मीडियम वेव्हचं स्टेशन लावलेलं, पण नुसती खरखर.

"माहितीपत्रक बघू का?" मी विचारलं.

"रेडिओ काय आज पहिल्यांदा लावतोय मी?"

"मिक्सरच्या वेळीही हेच म्हणाला होतास," सासूबाई पलंगावरून म्हणाल्या.

आपण वस्तूचं खोकं वर्षानुवर्षं माळ्यावर जपतो, आणि आतल्या पत्रकाची घडीसुद्धा मोडत नाही. वस्तू हातात आली की ती कळली, अशी आपली समजूत असते. वस्तू चालते तोवर ही समजूतही चालते.

मी रेडिओचं खोकं खाली काढलं. पत्रकात साधं वाक्य होतं: मीडियम वेव्हसाठी एरियलचा उपयोग नाही, रेडिओच फिरवून दिशा शोधावी.

नवऱ्याने एरियल मिटलं. रेडिओ टेबलावर ठेवून हळूहळू फिरवला. रेडिओचं तोंड दाराकडे वळलं तेव्हा खरखरीतून बातम्या देणाऱ्या बाईंचा आवाज स्पष्ट झाला. वादळ आमच्याकडेच येत होतं.

आईला बसवून न्यायला त्याने खुर्ची आणली. मी सासूबाईंभोवती ताडपत्री गुंडाळली.

"रेडिओ घ्या बरोबर," त्या म्हणाल्या. "आणि ते पत्रकही."