हलव्याला काटा

लग्नानंतरची पहिली संक्रांत सुनेनं काळी साडी नेसून, हलव्याचे दागिने घालून साजरी करायची असते, आणि मी नेमकी त्याच हिवाळ्यात ऑफिसच्या कामाला तीन महिने नॉर्वेला निघाले होते. ही बातमी मी सिंगापुरातल्या क्लेमेंटीच्या आमच्या फ्लॅटमध्ये, जेवताना, अगदी सहज सांगितल्यासारखी सांगितली. सासूबाईंनी (मी त्यांना आई म्हणते) आमटीची वाटी खाली ठेवली.

"संक्रांतीला नसशील?"

"नाही हो आई. जानेवारीच्या शेवटी येईन."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि पुढचे तीन दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलल्या. नवरा जहाजावर, भर समुद्रात, त्यामुळे मध्यस्थी करायला कोणी नाही. सासरे जहाजावरून निवृत्त झालेले, पण असल्या बाबतीत ते नांगर टाकून टीव्हीसमोर बसतात.

राग संक्रांतीचा नव्हता, हलव्याचा होता. भाजलेल्या तिळावर चमचा-चमचा पाक घालत, मंद आचेवर परातीत बोटांनी फिरवत बसायचं. तीन-चार दिवस हेच. मग तिळावर साखरेचे बारीक काटे उभे राहतात, आणि त्याचेच हार, बाजूबंद करतात. पण काटा यायला कोरडी थंडी लागते. सिंगापुरात दुपारी तळलेला पापड चहापर्यंत मान टाकतो, तिथे काटा कुठून येणार? तरी आई तीस वर्षांपूर्वी लग्न होऊन इथे आल्यापासून दर डिसेंबरात हट्टानं बसायच्या. बेडरूमचा एसी सोळावर, दाराच्या फटीला टॉवेल, जमिनीवर विजेची शेगडी. नवरा सांगतो की शाळेत असताना तो त्या खोलीत कानटोपी घालून अभ्यास करायचा. एवढं करून व्हायचे काय, तर गुळगुळीत गोटे.

यंदा मात्र त्यांनी ओळखीच्या झाडून सगळ्या मराठी बायकांना सांगून ठेवलं होतं की सुनेचे दागिने घरच्या हलव्याचे होणार. मैत्रिणी म्हणाल्या, "अहो, पुण्याहून तयार मागवा, काय सुंदर मिळतात आता." त्यावर आईंचं उत्तर, "माझ्या सुनेला मी विकतचं घालणार नाही."

हे मला दुसऱ्यांकडून कळलं आणि मी जरा गडबडलेच. कारण तोवर मला वाटायचं, आपण ह्या घरात पाहुण्या आहोत. सहा महिने झाले तरी आई मला चहात साखर किती ते विचारायच्या. प्रेमळ होत्या, पण बेतानं. मला त्या घरात घरची व्हायचं होतं, माझ्यावर त्यांनी हक्कानं ओरडावं असं वाटायचं. आणि त्यांनी माझ्यासाठी एवढा घाट घातला होता, तर मी बॅग भरत होते.

निघायच्या आदल्या दिवशी त्या खोलीत आल्या. लिटिल इंडियातून आणलेले किलोभर तीळ आणि ॲल्युमिनियमची परात त्यांनी माझ्या स्वेटरांवर ठेवली.

"जातेच आहेस थंडीत, तर उपयोग कर. काटा आला तर घेऊन ये. नाही आला तर तो विषय काढायचा नाही."

मी त्या वेळी चहासुद्धा मायक्रोवेव्हमध्ये करायचे. पण "बघाच तुम्ही," असं म्हणून मोकळी झाले. माझी जीभ नेहमी माझ्या चार पावलं पुढे असते.

नॉर्वेच्या पार उत्तरेला, समुद्राकाठच्या एका गावात माझी खोली होती. पहिल्या दिवशी घराबाहेर पडले आणि नाकात काहीतरी टोचलं. हात लावून पाहते तर नाकातले केस गोठले होते. मी तिथेच एकटी उभी राहून हसत सुटले. थंडीचे कपडे चढवायला वीस मिनिटं लागायची, आणि बुटांच्या नाड्या बांधून झाल्या की हमखास बाथरूमला लागायची. आठवड्याभरात तीनदा घसरून पडले. तिसऱ्यांदा पडले तेव्हा रस्त्यापलीकडच्या आजोबांनी नुसती मान हलवली आणि पाऊल कसं सपाट टाकायचं ते चालून दाखवलं. बदकासारखं चालायचं. जमलं मला ते.

नोव्हेंबर संपता संपता सूर्य गेला तो गेलाच. मला वाटलं होतं, रडू येईल. पण दुपारी बाराच्या सुमारास दोन तास सगळ्या बर्फावर निळा उजेड पसरायचा, आणि मी डबा बाजूला ठेवून खिडकीशी जायचे. सगळे मला आकाशातल्या हिरव्या दिव्यांबद्दल, त्या नॉर्दर्न लाइट्सबद्दल, विचारतात. पाहिले की. पण मला ती निळी दुपारच जास्त आवडली.

माणसं भली, पण बोलणं मोजकं. पहिल्याच आठवड्यात बसस्टॉपवर मी सवयीनं एका गृहस्थांच्या मागे जाऊन उभी राहिले. ते एक पाऊल सरकले. मला वाटलं, रांग पुढे गेली, मीही सरकले. असं करत करत ते बिचारे स्टॉपच्या छपराबाहेर बर्फात पोचले तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दुसऱ्या एका दिवशी कॉफीच्या दुकानाबाहेर बाबागाडीत झोपलेलं बाळ दिसलं, उणे सहात. त्याची आई विसरून गेली असणार म्हणून मी दहा मिनिटं राखण करत उभी. आई आतून काचेतून मला बघत निवांत कॉफी पीत होती. तिथे बाळांना बाहेरच झोपवतात, म्हणे झोप छान लागते. आमच्या आईंना हे फोनवर सांगितलं तर त्यांनी बाळाला टोपी होती का एवढंच विचारलं.

माझी घरमालकीण सत्तरीची, एकटी राहणारी. दिवसाला तीन वाक्यं बोलायची. सकाळी "थंडी आहे," दुपारी "कॉफी?" आणि संध्याकाळी "उद्याही थंडी आहे." पण दारात चपला-बूट काढल्याशिवाय आत येऊ द्यायची नाही, त्यामुळे मला ती पहिल्या दिवसापासून आपली वाटली.

डिसेंबरात एका शनिवारी सकाळी नऊला मी तिच्या स्वयंपाकघरात शेगडी पेटवली. सिंगापुरात तेव्हा दुपारचे चार. आई चहा घेऊन फोनसमोर बसलेल्या. तीळ भाजताना धुराचा अलार्म वाजला, तो बंद केला. पाक केला, चमचा-चमचा घातला, दोन तास बोटं फिरवली. झाला लगदा.

"काय घातलंयस अंगात?" आईंनी विचारलं.

"टी-शर्ट."

"टी-शर्ट? एवढी उत्तरेला जाऊन टी-शर्ट? मग माझ्या बेडरूममध्ये काय वाईट होतं? स्वेटर घाल आणि बाहेर जा."

बरोबर होतं त्यांचं. तिथली घरं आतून इतकी गरम ठेवतात की माणूस अनवाणी हिंडतो. मी परात उचलून घराच्या पुढच्या काचेच्या ओसरीत गेले. तिथे हीटर नव्हता, श्वासाची वाफ दिसत होती. शेगडी कशी आणावी या विचारात होते, तेवढ्यात घरमालकीण आत गेली आणि हातात भला मोठा विजेचा तवा घेऊन आली. त्यावर ती सणाला पातळ पोळ्या भाजते. सोबत लांब वायर आणि लोकरीचं पांघरूण. काय चाललंय म्हणून विचारलं नाही. पांघरूण माझ्या खांद्यावर टाकलं आणि समोरच्या खुर्चीत बसली.

मग काय, दोन शनिवार-रविवार आमचं हेच. फोन कुंडीला टेकवलेला, त्यात आई गाउनमध्ये, डोक्यावर पंखा गरगरतोय. समोर घरमालकीण, विणकाम मांडीवर. दोघी मिळून माझ्या बोटांवर नजर ठेवून.

"पाक जास्त झाला. अर्धा चमचा घाल. हात थांबवू नकोस."

"बोटं भाजतायत आई."

"भाजणारच. परात पूस मध्ये, भुगा साचलाय."

दुसऱ्या रविवारी सकाळी माझा संयम सुटला. तीळ फुगले होते, पांढरे झाले होते, पण काटा म्हणून नाही. आणि आईंचं आपलं चालूच, आच कमी कर, आच वाढव. मी चमचा आपटला आणि म्हणाले, "एवढं येतंय तर तुम्हीच या ना इकडे आणि करा."

बोलून गेले आणि जीभ चावली. सासूला असं कोणी बोलतं का?

"बोलावलं असतंस तर आले असते," आई म्हणाल्या.

मी आपटलेला चमचा उचलला. तशा त्या पुढे म्हणाल्या, "आता रुसू नकोस. बोटं चालव. मूर्ख कुठली, पाक घट्ट होतोय." त्यांनी मला मूर्ख म्हटलं, आणि मला इतकं बरं वाटलं की पुढचा तासभर मी तोंडातून अवाक्षर न काढता परात फिरवली.

काटा आला तो अकरा वाजता. आधी एकाच तिळावर, एका कडेला. मी तो चिमटीत धरून फोनसमोर नेला.

"जवळ धर. अजून. उजेडात धर जरा."

उजेड कुठला आणायचा? घरमालकिणीला भाषा कळली नसेल, पण ती उठून टॉर्च घेऊन आली आणि माझ्या बोटांवर धरला. फोनमध्ये एकदम छत दिसायला लागलं. आई फोन घेऊन पळत होत्या. दाराची कडी वाजली, आणि शेजारच्या चिनी आंटीचा चेहरा माझ्यासमोर आला. आई तिला इंग्रजीत सांगत होत्या, "सी, सी, थॉर्न. माय डॉटर-इन-लॉ मेड." आंटीला हलवा माहीत असायचं काहीच कारण नव्हतं. तरी ती म्हणाली, "वा, सो नाइस लाह." इकडे घरमालकिणीनं एक दाणा तोंडात टाकला, बराच वेळ चघळला आणि "गुड" म्हणाली. त्या दिवशी तिची वाक्यं चार झाली.

संक्रांतीला मी थर्मलवरून काळी साडी नेसून ऑफिसात तिळगूळ वाटला. गोड बोला म्हटल्यावर सगळ्यांनी गंभीरपणे मान हलवली. आठवड्यानं सूर्य परत आला तेव्हा अख्खं गाव टेकडीवर जाऊन उभं होतं. चार मिनिटं दिसला असेल. घरमालकिणीनं पिशवीतून जॅम भरलेला गोड पाव काढून मला दिला. तिथे सूर्य आला की तो खातात. आम्ही दोघी उन्हाकडे तोंड करून खात राहिलो.

मी जानेवारीच्या शेवटी सिंगापूरला परतले. रथसप्तमीला चार दिवस होते, म्हणजे हळदीकुंकू चालण्यासारखं होतं. हलव्याचा डबा एसीबाहेर उघडायचा नाही अशी सक्त ताकीद मिळाली. खोलीत एसी सोळावर, आणि आम्ही दोघी शाली पांघरून दोऱ्यात गाठी मारत हार ओवतोय. सासरे दारातून डोकावून परत टीव्हीकडे गेले.

हळदीकुंकवाला बायका चारला यायच्या होत्या. साडेतीनला आईंनी मला हार, बाजूबंद, बिंदी असं सगळं घातलं आणि मागे सरून पाहिलं.

"माझ्या पहिल्या संक्रांतीला मलाही दागिने आले होते," त्या म्हणाल्या. "माझ्या सासूबाईंनी पुण्याहून पार्सलनं पाठवले. स्वतः केलेले."

"मग?"

"महिनाभर बोटीत होते. डबा उघडला तर नुसता दोरा, चिकट पाणी आणि मुंग्या. तुझे सासरे जहाजावर. इथे ओळखीचं चिटपाखरू नाही. मुंग्या झटकल्या आणि तो दोरा चोखला, काळी साडी नेसून. सासूबाईंना पत्रात लिहिलं, दागिने छान बसले."

त्या हसल्या. मी गळ्यातला हार काढला आणि त्यांच्या गळ्यात घातला.

"अगं, काय करतेस? सत्तावन्न वर्षांची आहे मी. बायका काय म्हणतील?"

"म्हणू देत. छान बसलाय."

त्यांनी हाराला हात लावून पाहिला. काटे टोचतायत का तेच बघत असाव्यात. बेल वाजली. काढायला वेळ होता, पण त्यांनी तो काढला नाही. पदर नीट केला आणि हार घालूनच त्या दार उघडायला गेल्या.