माझ्याकडे उतरलेली पत्रं

ही गोष्ट सांगणं मी इतकी वर्षं टाळलं, कारण चूक माझीच होती.

जुळे सोलापुरात माझ्या शेजारी एक मित्र राहायचा. मुलीच्या लग्नावरून त्याचं आणि तिचं बोलणं तुटलं होतं. ती फक्त त्याच्या जुन्या ईमेल खात्यावर लिहायची. ते खातं नव्या फोनवर घ्यायला त्यानं मला सांगितलं. मी आधी ते माझ्या कॉम्प्युटरवर जोडून पाहिलं आणि नंतर काढायला विसरलो. माझा कॉम्प्युटर आलेलं पत्र उतरवून घ्यायचा आणि मूळ खात्यातून पुसून टाकायचा. त्याच्या फोनवर काहीच पोचेना.

"पोरगी लिहीतच नाही की रे. लई मोठी झाली," तो म्हणायचा.

"कामात असेल," मी म्हणायचो.

सहा महिन्यांनी ती पत्रं मला सापडली. शेवटच्यात होतं, "अप्पा, उत्तर नाही, म्हणजे तुम्ही मला सोडलंच ना?"

पत्रं छापून मी त्याच्या दारात गेलो.

"काय आणलंस?"

"सोसायटीच्या मीटिंगचे कागद," मी म्हणालो आणि परत फिरलो. त्याच आठवड्यात तो वारला.

त्याच्या दारात म्हणायचं होतं ते एवढंच: पोरीनं लिहिलं होतं रे, पत्रं माझ्याकडे अडकली. मला माफ कर.